‘आलास’ कुणाचं गाणं

४ जानेवारी

शिंपीदादा,

नमस्कार. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते ठाऊक नाही. माझा धाकटा भाऊ फोनवर "आमचा शिंपी" म्हणायचा, तेवढ्यावरच मी तुम्हाला ओळखते. चोवीस वर्षं तुम्ही दोघं एका खोलीत राहिलात आणि आपली एकदाही भेट नाही, हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय. गेल्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. खोलीची किल्ली शेजारणीने दिली. तुम्ही बाहेर गेलात, म्हणाली.

नंतर तुम्ही त्याच्या सामानाचं खोकं पाठवलंत. ते इतके महिने माझ्या औषधांच्या दुकानात, सलाइनच्या बाटल्यांमागे पडून होतं. उघडायचा धीर होत नव्हता. परवा फडताळ झाडताना ते हातात आलं. पुन्हा मागे ढकलायचं म्हणजे अगदीच भ्याडपणा, म्हणून उघडलं. वाद्यं दुरुस्त करायची त्याची हत्यारं, दोन शर्ट, चष्मा आणि एक कॅसेट. कॅसेटवर त्याच्या अक्षरात ‘रविवार दुपार’ आणि सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख.

दुकानात जुना टेपरेकॉर्डर आहे. लावला. शिंपीदादा, ते ‘आलास’ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या गॅदरिंगला, रिक्षात, जिथे जावं तिथे वाजतं ते. पण गाणारी ती प्रसिद्ध गायिका नाही. आमचा धाकटा गातोय. मागे कुणीतरी लाकडावर लाकूड आपटून ठेका धरलाय आणि वीस-पंचवीस माणसं एका दमात "आलास!" म्हणून ओरडतायत. गायिकेची रेकॉर्ड येण्याच्या दोन वर्षं आधीची ही तारीख आहे.

एके ठिकाणी तो चुकलाय. ती म्हणते, "दिवा न लावता मी थांबले, तू आलास." हा म्हणतो, "मी थांबलो, तू आलास." बाईच्या गळ्यासाठी चाल बसवताना सवयीने तोंडून निघून गेलं असणार.

मला एवढंच सांगा. हे गाणं त्याचं आहे का? आणि असलं तर कुणासाठी केलं होतं? त्याने लग्न केलं नाही याचा आईने शेवटपर्यंत घोर लावून घेतला. कुणी मुलगी होती का?

धाकट्याची ताई

१९ जानेवारी

आदरणीय ताई,

तो ताई म्हणायचा, म्हणून मीही तेच लिहितो. चालत नसेल तर कळवा.

पत्र पोचून आठ दिवस झाले. शाळेच्या गणवेशाच्या साठ पँटी अंगावर होत्या, हे खरं. पण उत्तर काय लिहायचं हेही सुचत नव्हतं.

गाणं त्याचंच. चाल त्याची, शब्द त्याचे. लाकूड आपटणारा मी. इस्त्रीनंतर शिवण दाबून बसवायला आमच्याकडे एक जड फळी असते. ती कापायच्या टेबलावर आपटायचो. कंपनीच्या रेकॉर्डवर तो आवाज यंत्रातून काढलाय. लोकांना फरक कळत नाही. मला कळतो; टेबलाचा आवाज खाली जातो, यंत्राचा वरच राहतो.

फर्निचरच्या एका गोदामाखाली तळघर होतं. तिथे दर रविवारी दुपारी दोन ते सहा आम्ही काही मंडळी जमायचो. नाच-गाणं, इतकंच. दुपारची वेळ अशासाठी की संध्याकाळी ज्याला त्याला आपापल्या घरी पोचायचं असे. तिथे तुमच्या भावाला सगळे मास्तर म्हणत. कुणी बेसूर झालं की तो सगळं थांबवून पहिल्यापासून सुरू करायला लावी. नाचणारे शिव्या द्यायचे, पण ऐकायचे.

मुलगी नव्हती. तेवढं खात्रीने सांगतो.

तुम्ही आलात त्या दिवशी मी कामानेच बाहेर होतो. राग नसावा.

कॅसेट उन्हात ठेवू नका. आणि एक विनंती, या गोष्टीचा कुठे बभ्रा करू नका. तो असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

आपला,
शिंपी

२ फेब्रुवारी

शिंपीदादा,

तुमची विनंती मला मान्य नाही.

या महिन्याच्या मासिकात त्या गायिकेची मुलाखत आलीय. रेकॉर्डला पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनी नवी आवृत्ती काढतेय. त्यात ती सांगते, "हे गाणं मला माझ्या एकटेपणात सुचलं." सुचलं म्हणे! माझा भाऊ चाळीस पायऱ्या चढून उसन्या खोलीत राहिला, दुसऱ्यांच्या वाद्यांच्या तारा पिळत त्याचा जन्म गेला, आणि हिचे फोटो भिंतीएवढे.

मी कंपनीला पत्र टाकलंय. कॅसेटवरची तारीख कळवलीय. वारस मीच आहे, आई-वडील राहिले नाहीत.

तुम्हाला मात्र समजून घेता येत नाही. गाणं त्याचं होतं हे माहीत असून तुम्ही पंचवीस वर्षं गप्प बसलात. वर मलाही गप्प राहायला सांगता. त्या तळघरातली मंडळी कोण होती ते सांगत नाही. ‘काही मंडळी’ म्हणजे काय? दुकानात एखादा माणूस असं अर्धवट बोलायला लागला की मी समजते, याच्या खिशात डॉक्टरची खोटी चिठ्ठी आहे. स्पष्टच विचारते: गप्प बसायचं तुम्हाला काय मिळालं?

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी बरेच दिवस बरोबर घेऊन फिरलो. आता स्पष्ट विचारलंत तर स्पष्ट लिहितो. वाचून पत्र फाडलंत तरी हरकत नाही.

तुमचा भाऊ चुकला नव्हता. त्याला ‘थांबलो’च म्हणायचं होतं आणि ‘आलास’च म्हणायचं होतं. त्या गाण्यात जो येतो तो मी. चोवीस वर्षं आम्ही खोली वाटून नाही राहिलो, संसार केला. भांडलो, रुसलो, एकमेकांच्या आजारपणात उठबस केली.

तळघरातली मंडळी म्हणजे आमच्यासारखीच. बाप्यावर जीव जडलेले बाप्ये, बायांवर जीव जडलेल्या बाया, आणि पुरुषाच्या देहात जन्मलेल्या दोन-तीन बाया. कुणी बँकेत, कुणी वॉर्डात, कुणी शाळेत शिकवायला. रस्त्यावर कुणाला मार बसायचा, कुणाला घरचे कोंडून ठेवायचे, कुणी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं. म्हणून गेल्या रविवारचं माणूस या रविवारी जिन्यात दिसलं की सगळं तळघर ओरडायचं, "आलास!" ज्याला बाई म्हणवून घ्यायला आवडे त्याला, "आलीस!" त्या ओरडण्यावरच मास्तरने चाल बांधली. ‘तू’ म्हणजे मी, असं तो मला एकट्याला सांगायचा. पण तिथल्या प्रत्येकाला वाटायचं, ‘तू’ म्हणजे आपण.

त्याच्याकडे रेकॉर्ड लावायची दोन यंत्रं होती. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी आणायचा. नुसत्या तालाचा तुकडा संपत आला की दुसऱ्या यंत्रावर तोच पुन्हा. दहा-दहा मिनिटं नुसता ताल. "बोलायची भीती वाटते त्यांना नाचायला तरी जास्त वेळ द्या," म्हणायचा. आता सगळ्याच गाण्यांत असा लांब तुकडा असतो. आणि ती गायिका एक हात कमरेवर ठेवून दुसरा कानाजवळ फिरवते ना, जे आता चार वर्षांची पोरंही करतात? ते आमच्या ‘सिस्टर’चं. सिस्टर म्हणजे इस्पितळातला एक दांडगा वॉर्डबॉय. तो त्याच इस्पितळाच्या व्हरांड्यात मेला. आजार कळल्यावर त्याला खाटेवर उचलून घ्यायलाही कुणी हात लावला नाही. मास्तर आणि मी गेलो, तोवर उशीर झाला होता.

तोच आजार तुमच्या भावाला होता. मलाही आहे. न्यूमोनिया हे शेवटचं निमित्त. सतरा-अठरा वर्षं आम्ही गोळ्यांवर काढली, मग त्याला गोळ्या लागू पडेनाशा झाल्या.

आणि ताई, आपली भेट झालेली आहे. चौदा वर्षांपूर्वी. आमच्या शहरात गोळ्या मिळेनात. तुमच्या दुकानात जायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं. मी त्याला न सांगता सहा तास प्रवास करून आलो. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. मग माझ्याकडे पाहिलंच नाहीत. गोळ्या पिशवीत घालून ती पिशवी मोजपट्टीने माझ्याकडे सरकवलीत. पट्टी पारदर्शक होती, एका टोकाला तुटलेली. मी दाराशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं, तर माझा हात टेकला होता तिथे तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवत होतात.

मी शिंपी आहे. पट्टी विसरत नाही.

तुम्ही खोलीवर आलात त्या दिवशी मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. तुम्ही ओळखाल या भीतीने वर आलो नाही.

शिंपी

११ मे

शिंपीदादा,

पावणेतीन महिने झाले. पाच वेळा पत्र लिहायला बसले. तुमचं पत्र फाडलं नाही.

मला तुम्ही आठवत नाही. खूप डोकं ताणलं, नाही आठवत. आठवला असतात तर निदान एकाच माणसाशी तशी वागले, असं म्हणता आलं असतं. मी सगळ्यांशीच तशी वागायचे. औषधशास्त्र शिकलेली बाई मी. हाताला हात लागून काही होत नाही हे मला परीक्षेला होतं आणि त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. तरी पट्टी वापरायचे. ती पट्टी अजून आहे दुकानात.

आणखी एक आहे. ते तुम्हाला त्याने सांगितलं असेल, नसेल. एकदा तो आला होता, आम्ही जेवत होतो. मी आईला म्हटलं, "हल्ली कसली कसली गिऱ्हाइकं येतात, त्यांच्या नोटा मी वेगळ्या ठेवते." आणि हसले. तो पोट भरलं म्हणून ताटावरून उठला. मी म्हटलं, शहरात राहून नखरे आलेत. त्यानंतर तो कधी मुक्कामाला राहिला नाही. दरवेळी काहीतरी काम निघायचं. मला राग यायचा की हा आपल्याला परकं करतोय. ज्या गोळ्यांवर तो जगत होता त्या माझ्या पाठीमागच्या कप्प्यात होत्या, हाताच्या अंतरावर. तो त्या दुसरीकडून घेत होता. हे मी रोज दुकान उघडताना मनात म्हणते, आणि मग शटर वर ओढते.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

कंपनीचं उत्तर आलंय. नव्या आवृत्तीवर त्याचं नाव घालायला ते तयार आहेत. मात्र मी एका निवेदनावर सही करायची: हे गाणं त्याने घरी एकट्याने रचलं, त्याचा कुठल्याही क्लबशी संबंध नव्हता, ‘थांबले’ हाच मूळ शब्द. कॅसेट त्यांच्या ताब्यात द्यायची. फेब्रुवारीआधी मी डोळे मिटून सही केली असती. आता तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. काय करू?

ताई

२८ मे

ताई,

सही करा.

तुम्हाला वाटेल, हा मनावर दगड ठेवून लिहितोय. थोडं तसं आहे, थोडं नाही. त्याचं नाव कुठेच नव्हतं, ते कुठेतरी येईल. तळघर तसंही बुजवलंय, आता तिथे गाड्या उभ्या करतात. त्या पंचवीस-तीस जणांतले मोजून चार उरलो. खोटं कुणाला टोचणार?

गाणं तिच्याकडे कसं गेलं तेही सांगून टाकतो. ती तेव्हा सिनेमागृहाच्या खिडकीत तिकिटं विकायची. आम्ही तिला ‘तिकीट’च म्हणायचो. रविवारी आमच्यात यायची, कारण तिथे तिच्या अंगाकडे कुणी टक लावून बघत नसे. तिचा पहिला झगमगीत झगा मी शिवला, उभं कसं राहायचं ते सिस्टरने शिकवलं, आणि मास्तरने सहा आठवडे रडवून रडवून सूर. मास्तर आधी स्वतःच कॅसेट घेऊन कंपनीत गेला होता. तिथला साहेब म्हणाला, "आवाज छान आहे हो, पण पुरुष पुरुषाला आलास म्हणतोय, हे कोण वाजवणार? बाईकडून गाऊन आणा." त्याने गाऊन आणलं. नाव कागदावरून त्याने आपणहून काढायला लावलं. मी भांडलो. तो म्हणाला, "पत्रकार मूळ शोधत घरी जातील. गावात ताईचं दुकान आहे. लोक तिच्याकडून औषध घ्यायचे बंद होतील."

हे लिहायचं नव्हतं. पण आता लपवून काय करू.

राग तिच्यावर धरू नका. माझ्या समोरच्या गल्लीत एक घर आहे. त्यातला म्हातारा आमचा सिस्टर दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. त्याच्या नातीच्या लग्नात तोच म्हातारा एक हात कमरेवर आणि दुसरा कानाजवळ घेऊन नाचला. मी हॉलच्या खिडकीतून पाहिलं. हसावं की रडावं कळेना. आमची चाल, आमचं ओरडणं, आमचे हातवारे सगळ्यांना पसंत. आम्ही तेवढे नको होतो.

सध्या काम कमी घेतोय. तोंड आल्यामुळे जेवण जात नाही, आणि डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात. परवा निळ्या पँटीला काळा दोरा घातला. वय झालं.

आपला,
शिंपी

६ जून

शिंपीदादा,

सही केली नाही. त्याचं नंतर लिहीन.

आधी याचं उत्तर द्या. तोंड आलंय म्हणजे पांढरा थर आहे का? गिळताना दुखतं का? वजन किती उतरलं? डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलात का? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही गोळ्या घेताय ना? वय-बिय मला सांगू नका. उलट टपाली कळवा.

ताई

१५ जुलै

शिंपीदादा,

तुमचं उत्तर नाही. तुमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याचा नंबर शोधून काढला. तो म्हणतो, दुकान अधूनमधून उघडं दिसतं. ते ऐकून जीव थोडा खाली पडला, थोडाच.

मी कंपनीत जाऊन आले. काचेची केबिन, त्यात एक अधिकारी बाई, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. बोलायला चांगली. मी टेपरेकॉर्डर दुकानातून नेला होता. टेबलावर ठेवून कॅसेट लावली. सगळी ऐकवली, तुमच्या लाकडासकट. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काम झालं.

मग म्हणाली, "मावशी, हे फार सुंदर आहे. पण निवेदन असंच राहील."

मी म्हटलं, "हा त्याच्या माणसासाठी गातोय. मागे ओरडतायत ती माणसं मेली. ती सगळी पुसून माझ्या भावाचं एकट्याचं नाव मी कशी घेऊ?"

"मग नाव राहू द्या," ती म्हणाली. तशीच, हळू आवाजात.

बाहेर आले तर तिने मागून येऊन फोन हातात दिला. पलीकडे ती गायिका होती. मी काय काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तिने पहिल्यांदा विचारलं, "मास्तर कसा आहे?" मी म्हटलं, "गेला. दीड वर्ष होईल." मग रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. "मला कुणी सांगितलं नाही," म्हणत राहिली. तुमची चौकशी केली. आणि शेवटी म्हणाली, "ताई, पण आता हे बाहेर काढू नका. माझं वय झालं, माझ्याकडे दुसरं काही नाही." पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

म्हणजे नाव येणार नाही. कॅसेट माझ्याकडे आहे.

यावर तुम्ही ओरडा, शिव्या द्या, पण लिहा. मी गोळ्यांचं दुसऱ्यांदा विचारतेय.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

ओळी वाकड्या येतायत, सांभाळून घ्या. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही.

तुमच्याशी खोटं बोलायचा कंटाळा आला. तो गेल्यापासून मी गोळ्या घेतलेल्या नाहीत. ठरवून सोडल्या असं नाही. आम्ही सकाळी बरोबर घ्यायचो, एकाच भांड्यातल्या पाण्याने. त्याची आधी, मग माझी. तो गेला त्या दिवशी राहिली, दुसऱ्या दिवशी राहिली. मग वाटलं, कुणासाठी घ्यायची. कुणी विचारणारं नव्हतं.

सही केली नाहीत, ते ऐकून मी मशीनवर डोकं टेकून रडलो. इतकी माणसं एका कागदासाठी तुम्ही सोडून दिली नाहीत. तेवढं पुरे आहे. आता माझी काळजी करू नका.

शिंपी

९ नोव्हेंबर

ताई,

माझं पत्र मिळताच तुम्ही धावत आलात, त्या आता परत जाऊन आठवडा झाला. तुम्ही आणलेल्या जाड रेघांच्या वहीत, जाड पेनाने लिहितोय. तरी अक्षरं एकमेकांवर चढतात.

डावा डोळा गेला तो गेला. उजवा वाचला, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही आणखी दोन आठवड्यांनी आला असता तर तोही गेला असता. पण सुईत दोरा ओवता येत नाही. काल प्रयत्न केला. अकरा वेळा केला, मग मशीनवर चादर टाकली. गणवेशाचं काम गल्लीच्या टोकाच्या शिंप्याला दिलंय. त्याची शिवण कच्ची आहे, पण पोरं काही फार दिवस एक पँट घालत नाहीत.

इस्पितळातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही फळं आणायला खाली गेला होतात, तेव्हा वॉर्डातल्या टीव्हीवर नव्या आवृत्तीची बातमी लागली. ती गायिका, झगमगाट, सगळं. मग गाणं वाजलं. समोरच्या खाटेवरचा म्हातारा, ज्याला दोन दिवस शुद्ध नव्हती, तोही ओठ हलवत होता. नर्स औषधाची ट्रॉली ढकलता ढकलता गुणगुणली. नाव कुणाचंच आलं नाही. मी उशीत तोंड घालून पडलो. तुम्ही आलात तेव्हा डोळ्यात औषध घातल्यामुळे पाणी येतंय असं सांगितलं, ते खोटं होतं. एवढं एक माफ करा.

घर सुनं झालंय. तीन महिने तुमचं करवादणं ऐकायची सवय लागली होती. तुम्ही त्याच्यासारख्याच दारं आपटता. खोलीत बसलो की दोघं गेल्यासारखं वाटतं. बरं वाटतंय असं लिहिणार नाही. नाही वाटत. सकाळी जाग आली की पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मग तुम्ही फोन करता, म्हणून उठतो.

डिस्चार्जचे कागद तुम्ही घाईत कपाटात ठेवून गेलात. काल भिंग घेऊन उजव्या डोळ्याने वाचायला बसलो. एकेक ओळ, पाऊण तास लागला. भरतीच्या फॉर्मवर तुमचं अक्षर आहे. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात आधी ‘भावाचा मित्र’ लिहून खोडलंय, इतकं जोराने की कागद फाटलाय. खाली लिहिलंय: ‘रुग्ण हे माझ्या धाकट्या भावाचं कुटुंब.’

आज तपासणीला गेलो तेव्हा खिडकीतल्या कारकुनाला ते दाखवलं. त्याला तुम्ही चांगल्याच आठवता. म्हणाला, "मी त्या बाईंना सांगत होतो, कुटुंब म्हणजे बायको, हे तर गृहस्थ आहेत. दुसरं काहीतरी लिहा. त्या म्हणाल्या, तुम्ही शिक्का मारा, नातं काय ते आमचं आम्ही बघू. मागे रांग लागली होती. मारला."

शिक्का ठळक उठलाय. तारखेसकट. चोवीस वर्षांत आमच्या दोघांचं मिळून असं एकही कागदपत्र नव्हतं, ना भाड्याचं, ना रेशनचं, ना त्याला जाळलं त्या पावतीवर. हा पहिलाच कागद. आणि तो बघायला तो नाही.

तुमच्या भावाचं कुटुंब